अश्वोपचाराचे रिंगण : लाकडी पृष्ठभागाची निवड

आपल्या रुग्णालयाच्या पुनर्वसन विभागातर्फे मेंदूच्या पक्षाघाताने, म्हणजेच सेरेब्रल पाल्सीने, बाधित बालकांसाठी अश्वोपचाराचे छोटे रिंगण उभारावे, असा प्रस्ताव विश्वस्त मंडळाच्या विचाराधीन आहे. या प्रस्तावाबाबत देणगीदारांनी व पालकांनी आमच्याकडे वेळोवेळी पृच्छा केली. घोडे कोठून येणार, शिकविणार कोण, मूल पडले तर काय, असे प्रश्न स्वाभाविकपणे पुढे आले. घोड्याच्या पायांखाली काय असावे, हा प्रश्न मात्र क्वचितच कोणी विचारला. वस्तुतः उपचाराची गुणवत्ता, बालकाची सुरक्षितता आणि दरवर्षीचा खर्च या तिन्ही गोष्टी त्या एका प्रश्नाशी निगडित आहेत. म्हणून प्रस्तुत लेखात रिंगणाच्या पृष्ठभागाचा विचार आपणांसमोर सविस्तर मांडीत आहोत.

घोड्याची चाल हेच औषध

घोडा कदम चालीने चालत असता त्याची पाठ एकाच वेळी पुढे-मागे, डावी-उजवीकडे आणि वर-खाली हलते. पाठीवर बसलेल्या बालकाच्या कटिभागास मिळणारी ही हालचाल माणसाच्या चालण्यातील हालचालीशी पुष्कळशी मिळतीजुळती असते. ज्या बालकाने स्वतःच्या पायांवर कधी चालून पाहिलेले नाही, त्याच्या धडाला व मणक्याला चालण्याचा अनुभव या मार्गाने मिळतो. घोडा थांबविणे, वळविणे, गती किंचित वाढविणे यांद्वारे भौतिकोपचारतज्ज्ञ या अनुभवाची मात्रा ठरवितात.

पोलिओने गुडघ्याखालील पाय दुर्बल झालेल्या डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांनी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये अश्वारोहणात रौप्यपदक मिळविले, तेव्हा या विषयाकडे जगाचे लक्ष वेधले गेले. त्यानंतर अनेक देशांत अश्वोपचाराची केंद्रे सुरू झाली. तथापि हा उपचार म्हणजे रोगमुक्ती नव्हे. नियमित व्यायाम व भौतिकोपचार यांना तो पूरक आहे. खुब्याचा सांधा निखळलेली, आकडी आटोक्यात नसलेली किंवा मानेच्या मणक्यांत अस्थिरता असलेली बालके त्यास योग्य नसतात. त्यामुळे प्रत्येक बालकाची वैद्यकीय तपासणी आधी होणे अनिवार्य आहे.

चाल हेच औषध असल्याने ती समतोल व लयबद्ध राहणे अत्यावश्यक ठरते. जमीन एके ठिकाणी टणक आणि दुसऱ्या ठिकाणी भुसभुशीत असेल, तर घोडा पाऊल जपून टाकतो, लय मोडते आणि बालकाच्या शरीरास चुकीचा संदेश पोहोचतो. आंतरराष्ट्रीय अश्वारोहण महासंघाने २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनपत्रात पृष्ठभागाचे गुण सांगितले आहेत. पाऊल टेकताना जाणवणारा टणकपणा, भार पेलण्याची मऊ शक्ती, पाऊल उचलताना मिळणारा प्रतिसाद, खुरांची पकड, सर्वत्र एकसारखेपणा आणि कालांतराने न बदलण्याचा गुण, असे ते सहा आहेत. यांतील शेवटचे दोन गुण अश्वोपचारासाठी सर्वांत महत्त्वाचे आहेत, असे आमचे मत आहे.

बालकाची गरज आणि घोड्याची गरज

लाकडी ढलप्यांचा विचार प्रथम पुढे येतो तो त्यांच्या मऊपणामुळे. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने झोपाळे व घसरगुंड्यांखालच्या पृष्ठभागांसाठी एक कोष्टक दिले आहे. दबलेल्या अवस्थेत ९ इंच जाडीच्या लाकडी ढलप्या १० फूट उंचीवरून पडणाऱ्या मुलास पुरेसे संरक्षण देतात. तेवढ्याच जाडीची वाळू मात्र केवळ ४ फुटांपर्यंत पुरते. ही आकडेवारी खेळाच्या मैदानाची आहे. तरीही लाकूड धक्का शोषून घेते, हे तिच्यावरून स्पष्ट होते. लहान चणीच्या घोड्याची, म्हणजे तट्टाची, खांद्यापर्यंतची उंची साधारण पावणेपाच फुटांच्या आत असते, हे येथे लक्षात घ्यावे.

येथेच एक पेच निर्माण होतो. पडणाऱ्या मुलास जाड व मऊ थर हवा. पण अतिखोल पृष्ठभागात खूर रुतले की घोड्याच्या पायांच्या स्नायुबंधांवर व अस्थिबंधांवर ताण येतो. शिवाय घोड्याच्या दोन्ही बाजूंनी बालकास आधार देत चालणारे सहायक आणि लगाम धरणारा मोतद्दार यांनाही त्याच पृष्ठभागावरून चालावयाचे असते. त्यांचा पाय अडखळला तर बालकाचा आधारच डळमळतो. या सर्वांचा मेळ घालून दाबून बसविलेला सुमारे १५ सेंटिमीटर जाडीचा थर आम्ही विचारात घेतला आहे. शिरस्त्राण, दोन्ही बाजूंचे सहायक व शांत स्वभावाचा घोडा हे बालकाचे पहिले संरक्षण होय. पृष्ठभाग हे शेवटचे.

कोणते लाकूड, कोणते नव्हे

लाकडी पृष्ठभाग म्हटला की लाकडाच्या वखारीतून भुसा आणून पसरावा, असे सहज वाटते. तसे करू नये. भुसा कोरडा असता उडतो आणि ओला झाला की निसरडा होतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाच्या धुळीचा समावेश मानवात कर्करोग उत्पन्न करणाऱ्या घटकांत केला. हा निष्कर्ष प्रामुख्याने वर्षानुवर्षे लाकूडकाम करणाऱ्या कारागिरांच्या अभ्यासावर आधारलेला आहे. आठवड्यातून काही मिनिटे घोड्यावर बसणाऱ्या बालकास त्यामुळे भयभीत होण्याचे कारण नाही. परंतु रोज रिंगणात काम करणारे मोतद्दार व दम्याची प्रवृत्ती असलेली मुले यांचा विचार करता, धूळ चाळून काढलेल्या बोटभर लांबीच्या ढलप्याच स्वीकाराव्यात, हे उचित होय. सागवानाच्या धुळीने काहींच्या त्वचेस दाह होतो, याचीही नोंद घ्यावी.

जुन्या वाड्यांचे, खिडक्या-दरवाजांचे वा पेट्यांचे लाकूड देणगी म्हणून देण्याची इच्छा काही हितचिंतकांनी व्यक्त केली आहे. त्यांच्या भावनेचा आदर राखूनही असे लाकूड आम्हांस घेता येणार नाही. त्यात खिळे राहतात आणि एकच खिळा घोड्याच्या खुरात शिरला तरी तो दीर्घकाळ निकामी होऊ शकतो. जुन्या रंगांत शिसे असण्याचा संभव असतो व शिसे बालकांच्या मेंदूस घातक आहे. तांबे, क्रोमियम व आर्सेनिक यांच्या मिश्रणाने संस्कारित केलेले लाकूड अमेरिकेत २००३ च्या अखेरीस घरगुती वापरातून मागे घेण्यात आले. त्याच्या ढलप्या मुलांच्या संपर्कात येता कामा नयेत. क्रिओसोट लावलेले रेल्वेचे जुने स्लीपरही याच कारणास्तव वर्ज्य होत.

झाडाची जातही महत्त्वाची आहे. अमेरिकेतील काळ्या अक्रोडाच्या ताज्या ढलप्या घोड्याच्या पायांखाली आल्या, तर काही तासांत खुरांना दाह होऊन तो लंगडू लागतो, हे पशुवैद्यकास सुपरिचित आहे. तो वृक्ष आपल्याकडे नसला, तरी आयात लाकूड घेताना जात विचारणे आवश्यक आहे. आपल्याकडील सुबाभळीच्या पाल्यात व बियांत असलेल्या मिमोसीन या द्रव्याने घोड्याच्या आयाळीचे व शेपटीचे केस गळतात; म्हणून पाला-शेंगांसह चिरडलेला माल नको. बाभळीच्या काट्यांविषयी वेगळे सांगावयास नको. एकाच जातीचे, साल काढलेले, असंस्कारित आणि गाभ्याचा भाग अधिक असलेले लाकूड घ्यावे. साल व गाभ्याबाहेरचे कोवळे लाकूड आधी कुजते.

आपल्या प्रदेशात साखर कारखान्यांमुळे उसाची चिपाडे मुबलक मिळतात. ती स्वस्तही असतात. परंतु ओलसर साठविलेल्या चिपाडांत वाढणाऱ्या सूक्ष्म जीवाणूंमुळे ‘बगॅसोसिस’ हा फुप्फुसाचा आजार होतो. रुग्णालयाच्या आवारात हा धोका पत्करणे योग्य होणार नाही.

पावसाळा, बुरशी व वाळवी

युरोपातील उघड्या रिंगणांत लाकडी तंतू वापरले जातात. तेथील अनुभव जसाच्या तसा येथे लागू होत नाही. जून ते सप्टेंबर या काळात उघड्यावरचे लाकूड सतत भिजून राहते. त्यापुढील उबदार दिवसांत बुरशी झपाट्याने वाढते. बुरशीचे बीजाणू श्वासावाटे आत गेल्यास संवेदनक्षम व्यक्तींस दमा वा फुप्फुसाचा दाह होऊ शकतो. कुजलेले लाकूड गुळगुळीत व निसरडे होते आणि घोड्याची पकड सुटते. म्हणून लाकडी पृष्ठभाग स्वीकारावयाचा तर रिंगणावर छप्पर हवेच. छप्पर शक्य नसेल तर लाकडाचा विचार सोडून निचरा होणाऱ्या वाळूकडे वळावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

छपराखालीही एक तारेवरची कसरत उरते. लाकडातील ओलावा सुमारे २० टक्क्यांच्या खाली राहिला तर कुजविणारी बुरशी वाढू शकत नाही. पण अगदी कोरड्या ढलप्यांतून धूळ उडते. यावर उपाय म्हणजे सत्राआधी हलकासा शिडकावा आणि वारा खेळता राहण्याची व्यवस्था.

दख्खनच्या पठारावरील काळी माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर थेट ढलप्या टाकल्यास पृष्ठभाग कधीही समपातळीत राहणार नाही. त्यासाठी माती काढून मुरुमाचा दाबलेला थर, त्यावर खडी, त्यावर पाणी पाझरू देणारे पण खडी वर येऊ न देणारे जिओटेक्स्टाईल कापड आणि सर्वांत वर ढलप्या, अशी रचना लागते. सभोवती काँक्रीटची कड बांधल्यास लाकडाचा बाजूच्या मातीशी संपर्क टळतो व वाळवीचा धोका कमी होतो. वाळवीनाशक औषधांची फवारणी पृष्ठभागावर करू नये. मुले व घोडे यांचा तेथे रोजचा वावर राहणार आहे.

स्वच्छता व धनुर्वात

धनुर्वाताचे जंतू मातीत व घोड्याच्या लिदीत असतात. ढलप्यांत लीद मिसळून गेली तर ती वेगळी काढणे वाळूपेक्षा अवघड जाते. म्हणून लीद पडताच उचलणे, हा पहिला नियम राहील. प्रत्येक बालकाचे, सहायकाचे व मोतद्दाराचे धनुर्वातविरोधी लसीकरण पूर्ण असल्याची खातरजमा करूनच प्रवेश देण्यात येईल. पालकांनी लसीकरणाचे कार्ड सोबत आणावे, ही विनंती. यांखेरीज रोज दंताळ्याने पृष्ठभाग सारखा करणे, कडेच्या वाटेवरून बाजूस गेलेल्या ढलप्या परत ओढून आणणे, ठरावीक जागी काठीने जाडी मोजणे आणि नव्या मालावरून लोहचुंबक फिरविणे, ही कामे नेमून द्यावी लागतील.

खर्चाचा खरा हिशेब

आता देणगीदारांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. २० मीटर रुंद व ४० मीटर लांब रिंगणाचे क्षेत्रफळ ८०० चौरस मीटर होते. १५ सेंटिमीटरच्या थरासाठी १२० घनमीटर ढलप्या लागतील. टापांखाली चिरडून, दबून व कुजून हा थर हळूहळू कमी होत जातो. तो केवळ १ सेंटिमीटरने उतरला तरी ८ घनमीटर नवा माल घालावा लागतो आणि काही काळाने संपूर्ण थरच काढून नवा भरावा लागतो. काढलेल्या थराचे खत होऊ शकते, ही त्यातल्या त्यात समाधानाची बाब.

वाळूचा पृष्ठभाग अधिक टिकतो. मेण वा कृत्रिम तंतू मिसळलेली वाळू त्याहून चांगली, परंतु तिचा आरंभीचा खर्च मोठा असतो. लाकूड आरंभी स्वस्त पडते आणि पडणाऱ्या मुलास अधिक जपते. मात्र ते दरवर्षी मागणे मागते. एकदा घातले आणि विसरून गेलो, असे त्याचे नसते. पुरवणी न केलेला लाकडी पृष्ठभाग आहे त्याहून सुरक्षित भासतो. वरून मऊ दिसणाऱ्या थराखाली टणक जमीन आलेली असते.

इमारत, छप्पर वा यंत्रसामग्री यांसाठी दान देणाऱ्यांची परंपरा आपल्या समाजात मोठी आहे आणि त्या दानावर आपले रुग्णालय उभे आहे. दरसालच्या पुरवणीवर कोणाच्या नावाची कोनशिला बसत नाही, हे आम्ही जाणतो. तरीही विश्वस्त मंडळास आमची नम्र शिफारस अशी की, रिंगणाच्या बांधकामास मंजुरी देतानाच पृष्ठभागाच्या देखभालीसाठी स्वतंत्र कायम निधी उभारावा व त्याच्या व्याजातून ढलप्यांची पुरवणी व्हावी. असा निधी होणार नसेल तर वाळूचा पर्याय स्वीकारावा. परंतु निधीविना लाकूड घालू नये. ढलप्यांचा थर औषधाच्या साठ्याप्रमाणे संपत जाणारा आहे आणि औषधाप्रमाणेच त्याची वेळेवर भर झाली पाहिजे.

प्रस्तावाचे आराखडे पुनर्वसन विभागात पाहावयास उपलब्ध आहेत. देणगीदारांनी व पालकांनी ते अवश्य पाहावेत आणि आपल्या सूचना लेखी कळवाव्यात, ही नम्र विनंती.