एकाच पेशीचा वंश

१८८३. कोपनहेगनजवळच्या वाल्बी टेकडीवर कार्ल्सबर्गच्या जुन्या कारखान्यातली बियर नासू लागली. चव कडवट, वास नकोसा. पाणी तेच, माल्ट तेच, हॉप्स तेच, तळघरातला गारवाही तोच. सगळं नेहमीसारखं असताना पिंपांमागून पिंपं बिघडत होती.

मालक जे. सी. याकोबसेन यांना हा घाव जिव्हारी लागला, कारण या बियरमागे त्यांचं अर्धं आयुष्य होतं. १८४५ मध्ये ते म्युनिकच्या श्पाटन कारखान्यातून गॅब्रिएल झेडलमायर यांच्याकडचं यीस्ट घेऊन घोडागाडीने डेन्मार्कला आले होते. वाटेत यीस्ट तापून मरू नये म्हणून जिथे गाडी थांबेल तिथे ते भांड्यांवर गार पाणी ओतत राहिले, असं सांगतात. त्या यीस्टवर १८४७ मध्ये कार्ल्सबर्ग उभं राहिलं. घरातल्या विरजणासारखाच हा व्यवहार होता. प्रत्येक वेळी थोडं यीस्ट राखायचं आणि पुढच्या पिंपात घालायचं. जवळजवळ चाळीस वर्षं ते असं चालत आलं होतं. याकोबसेन यांच्या दृष्टीने कारखान्यात एकच यीस्ट होतं, ते म्हणजे त्यांनी आणलेलं.

बियर का नासते, याचं उत्तर त्या काळी सगळ्यांना ठाऊक होतं. लुई पाश्चर यांनी १८७६ च्या आपल्या ग्रंथात ते दिलं होतं: जिवाणू. यीस्टमध्ये जिवाणू शिरले की बियर आजारी पडते, म्हणून यीस्ट जिवाणूंपासून जपावं. याकोबसेन पाश्चरना इतके मानत की आपल्या प्रयोगशाळेसाठी त्यांनी पाश्चर यांचा अर्धपुतळा करवून घेतला होता. ही प्रयोगशाळा याकोबसेन यांनीच १८७५ मध्ये काढली होती आणि तिच्या शरीरक्रिया विभागाचा प्रमुख होता एमिल क्रिस्तियान हान्सेन.

हान्सेन तिथे सरळ वाटेने आला नव्हता. १८४२ मध्ये रिबे गावी गरीब घरात जन्मलेल्या या मुलाने घरं रंगवायचं काम केलं होतं. शिक्षण उशिरा, पोट भरता भरता झालं. पुढे एका सहकाऱ्याबरोबर त्याने डार्विनचा ‘बीगल’चा प्रवास डॅनिश भाषेत आणला आणि बुरशींवरच्या निबंधासाठी विद्यापीठाचं सुवर्णपदक मिळवलं. एकाच जातीत केवढे बारीक भेद असू शकतात, हे तो डार्विनकडून शिकला होता. बुरशीचा पूर्ण जीवनक्रम पाहिल्याशिवाय तिला ओळखता येत नाही, हे त्याला बुरशींनीच शिकवलं होतं.

त्याने नासलेल्या बियरमधलं यीस्ट सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. या बिघाडाचा दोष जिवाणूंवर टाकता येईल असं काही त्याला दिसेना. दिसत होत्या त्या यीस्टच्याच पेशी, काही गोल, काही लंबगोल, काही लांबुळक्या. तेव्हाचे शास्त्रज्ञ यीस्टच्या जाती आकारावरूनच ठरवत. पण ऊब, अन्न आणि वय बदललं की एकाच यीस्टचा आकार बदलतो, हे हान्सेनने पाहिलं होतं. आकार साक्षीला घेता येत नव्हता.

मग त्याच्या मनात एक शंका आली, आणि तिने पाश्चरच्या उत्तरालाच धक्का दिला. बियर नासवणारं यीस्टच असेल तर? कारखान्यातलं ‘एक यीस्ट’ मुळात एक नसेलच तर?

हे सिद्ध करायचं तर प्रत्येक प्रकार वेगळा करून त्याच्याकडून बियर बनवून घ्यायला हवी होती. वेगळा करायचा म्हणजे एका पेशीपासून सुरुवात करायची. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही लहान असलेली ती पेशी चिमट्यात धरता येत नव्हती.

हान्सेनने ती गणिताने पकडली. यीस्ट निर्जंतुक पाण्यात कालवून त्याने एका थेंबातल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली मोजल्या. मग ते पाणी इतकं पातळ केलं की दोन थेंबांमागे सरासरी एकच पेशी यावी. असा एकेक थेंब त्याने माल्टच्या गोड अर्काने भरलेल्या एकेका चंबूत सोडला. काही चंबूंत काहीच पडणार नव्हतं, काहींत एक पेशी, क्वचित दोन. कशात किती, हे कळायलाही त्याने युक्ती काढली. चंबू जोरात हलवायचा, म्हणजे पेशी एकमेकींपासून सुटतील. मग तो अजिबात न हलवता ठेवायचा. पेशी तळाशी बसते, वाढू लागते आणि काही दिवसांनी काचेवर पांढरा ठिपका उमटतो. दोन ठिपके म्हणजे दोन पेशी. एकच ठिपका असेल, तर त्या चंबूतलं सगळं यीस्ट एकाच आईची लेकरं.

कारखान्यातल्या यीस्टमधून त्याने असे चार वंश वेगळे काढले. आकाराचा भरवसा सोडल्यामुळे तुलनेसाठी दुसरी कसोटी लागत होती. ओल्या जिप्समच्या ठोकळ्यांवर यीस्टला उपाशी ठेवलं की ते बीजाणू धरतं. ठरावीक तापमानाला त्याला किती वेळ लागतो, हे त्याने मोजलं. रानटी, म्हणजे कुणी न पाळलेलं, यीस्ट लवकर बीजाणू धरत होतं, कारखान्याचं उशिरा. रूप बदललं तरी हा वेळ बदलत नव्हता.

शेवटची कसोटी बियरचीच होती. चारही वंशांना वेगवेगळं कामाला लावल्यावर एकाच वंशाने जुनी, निर्मळ कार्ल्सबर्ग दिली. मग त्या चांगल्या यीस्टमध्ये हान्सेनने मुद्दाम रानटी यीस्ट मिसळलं, आणि नको असलेला कडवटपणा आणि वास परत आला. गुन्हेगार सापडला होता. तो जिवाणू नव्हता, हवेतून शिरलेलं रानटी यीस्ट होतं.

पाश्चरना मानणाऱ्या याकोबसेन यांना हे आधी पटेना. पण कारखाना त्यांचाच होता आणि बिघडलेली बियरही त्यांचीच. १२ नोव्हेंबर १८८३ रोजी जुन्या कार्ल्सबर्गमध्ये एका पेशीपासून वाढवलेलं ‘कार्ल्सबर्ग यीस्ट क्रमांक १’ पहिल्यांदा पिंपात पडलं. बियर उत्तम उतरली. याकोबसेन यांनी ही पद्धत दडवून ठेवली नाही. यीस्ट आणि त्यामागचं ज्ञान त्यांनी मागेल त्याला दिलं आणि काही वर्षांत युरोपातले मोठे कारखाने शुद्ध यीस्टकडे वळले. विज्ञानाच्या आणि व्यापाराच्या इतिहासात एवढं मोठं औदार्य मला फार थोड्या ठिकाणी दिसतं.

मात्र त्या शुद्ध वंशाच्या पोटात आणखी एक रहस्य होतं. विसाव्या शतकात जनुकं वाचता येऊ लागली, तेव्हा कार्ल्सबर्गसारख्या, गारव्यात आंबवलेल्या लागर बियरचं यीस्ट हा संकर असल्याचं उघड झालं. एक जनक पाव फुगवणारं आणि एल बियर आंबवणारं सॅकरोमायसिस सेरेव्हिसी. दुसरा कोण, ते कुणालाच सापडेना. २०११ मध्ये दिएगो लिबकिंड, ख्रिस टॉड हिटिंगर आणि जुझे पावलू सांपायू यांच्या गटाने तो दाखवला. अर्जेंटिनाच्या पॅटागोनियातल्या थंड जंगलात, दक्षिणी बीचच्या झाडांवरच्या बुरशीच्या गाठींवर तो राहत होता. लागर यीस्टच्या अनोळखी अर्ध्या भागाशी त्याची जनुकं ९९.५ टक्के जुळली. त्याचं नाव ठेवलं सॅकरोमायसिस युबायानस. पुढे तिबेटमध्ये आणि आयर्लंडमध्येही तो आढळला. थंडीत काम करायची ताकद लागरला या रानटी जनकाकडून मिळाली.

घरी बियर बनवणाऱ्याला हा सगळा इतिहास एका साध्या अडचणीत उपयोगी पडतो. कृतीत सांगितलेलं यीस्ट मिळत नाही, तर त्याच्या जागी कोणतं घालावं? पाकिटावरचं नाव पुरेसं नाही. लागरमध्येही दोन घराणी आहेत, झात्स आणि फ्रोबेर्ग. हान्सेनचं क्रमांक १ झात्स घराण्यातलं. ते गारठ्यात छान चालतं, पण माल्टोट्रायोज ही साखर त्याला नीट खाता येत नाही. फ्रोबेर्ग ती खातं. एकाच्या जागी दुसरं घातलं की बियर गोडसर किंवा कोरडी होते. जनुकीय तपासणीत तर पिल्सनर लागरचं म्हणून विकलं जाणारं डब्ल्यूएलपी ८०० हे यीस्ट सेरेव्हिसी निघालं आणि एलच्या यादीतलं डब्ल्यूएलपी ०५१ लागरच्या वंशातलं.

म्हणून पर्याय निवडताना यीस्टचं काम विचारावं. ते किती साखर संपवतं? कोणत्या तापमानाला नीट चालतं? तळाशी लवकर बसतं की तरंगत राहतं? फळांचा गंध देतं की लवंगेचा? लवंगेचा गंध यीस्टच्या दोन जनुकांमुळे येतो. बियरसाठी पिढ्यान्‌पिढ्या पाळलेल्या बहुतेक वाणांत ती निकामी झालेली असतात, बव्हेरियन गव्हाच्या बियरच्या यीस्टमध्ये मात्र शाबूत असतात. आणि एक प्रश्न सुरक्षिततेचा: यीस्टमध्ये एसटीए१ हे जनुक आहे का? ते असलेलं यीस्ट इतरांनी सोडलेले डेक्स्ट्रिन हे साखरेचे मोठे रेणूही फोडून खातं. घाईने भरलेल्या बाटलीत ते खात राहिलं तर दाब वाढून बाटली फुटू शकते.

या प्रश्नांची उत्तरं छापील तक्त्यांत बऱ्याच अंशी मिळतात, पण खात्री स्वतःच करावी लागते. एकाच वेळी काढलेला माल्टचा अर्क दोन स्वच्छ भांड्यांत निम्मा निम्मा घ्यावा. एकात जुनं यीस्ट, दुसऱ्यात नवं. तापमान तेच, दिवस तेवढेच. फरक फक्त यीस्टचा, म्हणजे बियरमध्ये जो फरक पडेल तो त्याचाच. हान्सेनने चार वंशांना याच न्यायाने पारखलं, तेव्हा पाश्चरचं नाव, मालकाचा विश्वास आणि चाळीस वर्षांची सवय यांतलं काहीही त्याने पुरावा म्हणून धरलं नाही. घरच्या स्वयंपाकघरातही पर्यायी यीस्ट याच पारखीने स्वीकारावं किंवा नाकारावं.