‘पीडीएफ आहे का कुणाकडे?’
वाचकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नव्या पुस्तकाचं नाव निघालं, की हा प्रश्न आलाच. १९५७च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ खासगी वापराला, अभ्यासाला रास्त मर्यादेत मोकळीक देतं. स्वतःच्या पुस्तकातली चार पानं टिपणासाठी स्कॅन करा, काही बिघडत नाही. पण अख्खं पुस्तक दोनशे जणांना धाडलं, तर त्यात खासगी काय उरलं?

लेखकाचा हक्क त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतो. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणून ‘श्यामची आई’ २०११पासून सर्वांना खुली आहे (नव्या आवृत्तीतली प्रस्तावना नि चित्रं यांचा हक्क वेगळा). पु. ल. २००० साली गेले. त्यांच्या पुस्तकांवर २०६०अखेरपर्यंत हक्क आहे.

खरा पेच दुर्मीळ पुस्तकांचा. आवृत्ती संपलेली, प्रकाशन बंद, वारसांचा ठावठिकाणा नाही. कायदा इथेही परवाना घ्यायला सांगतो. मला मात्र अशा पुस्तकाची प्रत जपून ठेवणाऱ्याला चोर म्हणवत नाही. दुकानात मिळणाऱ्या पुस्तकाचं तसं नाही. मराठी आवृत्ती बहुधा हजाराच्या आतबाहेरची. पीडीएफ फिरल्यानं त्यातल्या शे-दीडशे प्रती पडून राहिल्या, की प्रकाशक त्या लेखकाचं पुढचं हस्तलिखित घेताना हात आखडतो.