चिलटाच्या पाठीवरचे चार केस

बर्फावर ठेवलं की चिलट थोड्याच वेळात निपचित पडतं. दादरच्या बाजारात फार पिकलेल्या केळ्यांवर घोंगावणारं, लाल डोळ्यांचं हे चिलट म्हणजे ड्रोसोफिला. सूक्ष्मदर्शकाखाली पालथं ठेवून सुईने पंख बाजूला सारले की छातीच्या मागच्या टोकाला एक छोटा त्रिकोणी तुकडा दिसतो. त्यावर चार लांब, राठ केस. दोन डावीकडे, दोन उजवीकडे. दुसरं चिलट घेतलं, तिसरं घेतलं, तरी चारच. पुढच्या भागावर बारीक केसांच्या रांगा, बऱ्यापैकी सारख्या अंतरावर, सगळ्यांची टोकं मागे वळलेली.

हा हिशेब त्वचेतल्या पेशी आपापसांत करतात, अळीचं चिलट होत असताना. केस उगवायच्या जागी आधी पेशींचा पुंजका असतो आणि त्यातल्या प्रत्येकीला केस होता येतं. प्रत्येकीच्या अंगावर दोन प्रथिनं असतात: डेल्टा सांगणारं, नॉच ऐकणारं. पेशीला पेशी टेकली तरच निरोप पोचतो. चाळीत भिंतीपलीकडच्या खोलीतलंच बोलणं कानावर यावं, तसं. निरोप एकच, ‘तू केस होऊ नकोस.’ तो मिळाला की नॉचचा आतला तुकडा सुटून केंद्रकात जातो आणि त्या पेशीचं स्वतःचं डेल्टा घटतं. म्हणजे शेजारणीला गप्प करायची तिची ताकद आणखी कमी होते. सुरुवातीचा तिळाएवढा फरक असा वाढत जाऊन शेवटी एकच पेशी जिंकते. ती विभागून केस, त्याची खोबण, मज्जापेशी आणि तिचं आवरण तयार होतं. या केसांमुळे चिलटाला स्पर्श कळतो. हरलेल्या पेशी साधी त्वचा होतात.

बारीक केसांमध्ये मात्र कित्येक पेशींचं अंतर असतं. तिथे पेशी तळातून बारीक तंतू पसरून लांबच्या पेशींनाही टेकतात आणि गप्प करतात.

नॉच बिघडलेली, पंखांची कड कातरलेली चिलटं अमेरिकेत मॉर्गन या जनुकशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत १९१०च्या दशकात सापडली. आपल्याकडे कुलाब्याच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेत ओबेद सिद्दीकींनी १९६२ मध्ये रेणवीय जीवशास्त्राचं काम सुरू केलं. चिलटांना वास आणि चव कशी कळते, यावरचं संशोधन पुढे तिथेच रुजलं.

नॉचची जनुकं माणसातही आहेत. परळच्या टाटा रुग्णालयात ज्यांच्यावर उपचार होतात, त्या रक्ताच्या कर्करोगांपैकी एक टी-पेशींचा तीव्र कर्करोग. त्याच्या निम्म्याहून अधिक रुग्णांत नॉचच्या एका जनुकात बदल असतात, हे २००४ मध्ये दिसून आलं. चिलटांवर सरकारी पैसा कशाला, असं कोणी विचारलं तर त्याला हे सांगावं.