हर्मन कासवाच्या पिल्लाचं घर

दक्षिण युरोपातलं हे शाकाहारी कासव पन्नासहून अधिक वर्षं जगू शकतं. त्याची पाठ गुळगुळीत वाढावी, यासाठी पहिली काही वर्षं फार मोलाची.

● पेटी : उथळ, रुंद, लाकडी. काचेची नको, कारण काचेतून दिसणाऱ्या जागेकडे जायला पिल्लू सारखं धडका देत राहतं.

● ऊब : दिव्याखाली ३२ ते ३५ अंश सेल्सिअस, दुसऱ्या टोकाला २० ते २४. कुठे बसायचं ते पिल्लू ठरवेल.

● ऊन : अतिनील-बी किरणांचा दिवा रोज सुमारे १२ तास. खिडकीच्या काचेतून हे किरण जवळजवळ येत नाहीत आणि त्यांच्याविना कवच मऊ पडतं.

● ओल : माती आणि कोकोपीटचा ५ ते ८ सेंटिमीटर थर, खालून दमट. कोरड्या हवेत पाठीवर उंचवटे येतात.

● आडोसा आणि पाणी : लपायला कौलाचा तुकडा, प्यायला उथळ बशी.

● आहार : डँडेलियनसारखा रानपाला, सोबत कॅल्शियम. फळं नकोत.

लक्षात ठेवा : भारतातलं स्टार कासव घरात पाळणं हा वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे. त्याचं घर रानातच.