मनोविकारावर लघुपट काढताना

महाविद्यालयात मास मीडिया शिकणाऱ्या मुलांना लघुपट करावा लागतो. पनवेल परिसरातली अशी काही मुले अधूनमधून माझ्याकडे येतात. 'डॉक्टर, आम्ही सायकॉलॉजिकल ड्रामा घेतलाय,' ही सुरुवात ठरलेली. निवडीचे कारण बहुधा व्यवहारी असते. एक खोली, एक नट, थोडा अंधार आणि खर्च कमी! त्यात गैर काही नाही. मात्र कथेत नायकाला आवाज ऐकू येतात, आरशात दुसराच माणूस दिसतो आणि अखेरीस खून त्यानेच केलेला असतो. आजार कोणता म्हणून विचारले की उत्तर येते, स्किझोफ्रेनिया.

स्किझोफ्रेनिया म्हणजे दुभंगलेले व्यक्तिमत्त्व नव्हे. एका देहात दोन माणसे नांदत नाहीत. विचार, भावना आणि वास्तवाचे भान यांची घडी विस्कटते. हा आजार बहुधा ऐन तारुण्यात, म्हणजे या मुलांच्याच वयात, सुरू होतो आणि तोही हळूहळू. झोप उडते, मित्र सुटतात, अंघोळीचा कंटाळा येतो, अभ्यासात लक्ष लागत नाही. पुढे कानी आवाज येतात. ते बहुधा टोचून बोलणारे असतात आणि रुग्ण त्यांना घाबरलेला असतो. बहुसंख्य रुग्ण कोणालाही इजा करीत नाहीत. पडद्यावर मात्र खुनीच दिसत राहिला, तर घरचे लोक मुलाला डॉक्टरकडे न्यायला कचरतात. उपचार लांबतात आणि आजार मुरतो.

शॉकच्या दृश्याचेही तसेच. किंचाळणारा, हातपाय बांधलेला रुग्ण हिंदी चित्रपटांनी आपल्या मनात पक्का बसवला आहे. प्रत्यक्षात भूल आणि स्नायू शिथिल करणारे औषध दिल्याशिवाय शॉक देण्यास २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने मनाई आहे.

मग पाहावे काय? सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'देवराई' (२००४) पाहावा. अतुल कुलकर्णी यांचा शेष हा स्किझोफ्रेनियाचा रुग्ण आहे, पण आधी तो कोणाचा तरी भाऊ आहे. बहिणीची ओढाताणही तितकीच दिसते. याच जोडीचा नैराश्यावरचा 'कासव' राष्ट्रीय सुवर्णकमळाचा मानकरी ठरला. भावे मूळच्या समाजकार्याच्या क्षेत्रातल्या. त्यांची सुरुवातही 'बाई' (१९८५) या लघुपटानेच झाली. माणसे आधी नीट समजून घ्यायची, ही सवय तिथली असावी.

मुलांना मी सांगतो, खून काढा आणि न उचललेले जेवणाचे ताट दाखवा. तेवढ्याने घर कळते. आत्महत्येचा प्रसंग असेल तर मार्ग आणि साधन दाखवू नका. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली चित्रपटकारांसाठी काढलेल्या पुस्तिकेतही हेच सांगितले आहे, कारण आधीच खचलेला प्रेक्षक त्याचे अनुकरण करण्याचा धोका असतो.

आणखी एक. कधी कधी हा विषय सुचवणारा मुलगा स्वतःचेच सांगत असतो. चित्रीकरणाच्या धावपळीत जागरणे होतात, जेवण चुकते आणि दुखणे बळावते. त्याला भूमिका देण्याआधी मित्रांनी त्याला एकट्याला गाठून, झोप लागते का, मरणाचे विचार येतात का, हे सरळ विचारावे. विचारल्याने तसे विचार डोक्यात शिरत नाहीत. उत्तर 'हो' आले तर घरी कळवावे, डॉक्टरकडे न्यावे आणि तोवर त्याला एकटे सोडू नये. शासनाच्या 'टेलि-मानस' सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मराठीतून बोलता येते आणि फोनला पैसे पडत नाहीत.