मुलीला गाइडमध्ये जाऊ द्या



नवा बचत गट सुरू होताना "अध्यक्ष कोण होणार?" असं विचारलं की बहुतेक जणी खाली बघतात. घर, शेत, दुखणीखुपणी सगळं सांभाळणाऱ्या या बाया. पण चारचौघींत जबाबदारी आपल्या नावावर घ्यायची सवय त्यांना कुणी लावलेलीच नसते. ती सवय शाळेच्या वयात लागू शकते. त्यासाठीची एक चांगली जागा म्हणजे गाइड पथक.

1909 साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये स्काउट मुलग्यांचा मेळावा भरला होता. तिथे काही मुली न बोलावता हजर झाल्या आणि "आम्हालाही घ्या" म्हणाल्या. पुढच्याच वर्षी मुलींसाठी गर्ल गाइड्स सुरू झालं. आज आपल्याकडे 'भारत स्काउट्स आणि गाइड्स' ही संस्था शाळाशाळांतून हे काम चालवते. जगभरातल्या गाइड मुली येऊन राहतात ते 'संगम' केंद्र तर 1966 पासून आपल्या पुण्यातच आहे.

पथकात 6 ते 8 मुलींचा एक संघ असतो. त्यातली एक संघनायिका. बाकीच्यांत कुणाकडे हिशेब, कुणाकडे सामान, कुणाकडे नोंदवही. शिबिरात आज स्वयंपाक केला तर उद्या पाणी भरायचं, परवा झाडलोट. भात करपला तर तो सगळ्यांनीच खायचा. संघ लहान असल्यामुळे कुणाला मागे लपता येत नाही आणि एकटीने मिरवताही येत नाही. आपला बचत गट तरी दुसऱ्या कशावर चालतो?

शिवाय हाताला कामं येतात. हात मोडला तर गळ्यातल्या त्रिकोणी स्कार्फची झोळी करणं, पट्टीची गाठ सुटणार नाही आणि टोचणारही नाही अशी मारणं, तंबू ठोकणं, नकाशा वाचणं. अपघात झाला की रडत न बसता पुढे होणारी मुलगी अशीच घडते.

पण आठवी-नववीत शिबिराचा कागद घरी येतो आणि आपण म्हणतो, "मुलीची जात, रात्री बाहेर नको." काळजी खोटी नाही. म्हणून नाही म्हणण्याआधी शाळेत जाऊन विचारा. सोबत कोणत्या बाई आहेत? झोपायची, अंघोळीची, संडासाची सोय काय? घरी फोन कधी करता येईल? नीट उत्तरं मिळाली तर सही करा. नाही मिळाली तर चार आयांनी मिळून सोय करून मागा.

आणखी एक विचारा. पथक दर आठवड्याला भरतं, की गणवेश फक्त 26 जानेवारीच्या संचलनापुरता बाहेर निघतो? नुसत्या गणवेशाने काही होत नाही. संघ भरला, कामं वाटली गेली, तरच मुलगी बदलते.

दहाव्या वर्षी पाच रुपयांचा हिशेब सगळ्यांसमोर वाचणारी मुलगी उद्या ग्रामसभेत उभी राहून गावाचा हिशेब विचारेल. तिला आजच जाऊ द्या.