निद्राविज्ञान (भाग ५) : दाब आणि घड्याळ

रात्रभर जागलेल्या माणसाचे पहाटे चार वाजता डोळे मिटू लागतात, आणि सकाळी नऊला तोच माणूस बऱ्यापैकी सावरलेला दिसतो. मधल्या वेळात तो क्षणभरही झोपलेला नसतो. झोप केवळ थकव्यातून येत असती, तर नऊ वाजता त्याची अवस्था पहाटेपेक्षा वाईट असायला हवी होती. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात पॅट्रिक आणि गिल्बर्ट यांनी १८९६ मध्ये तीन तरुणांना ९० तास जागं ठेवलं, तेव्हाही झोपेचा अंमल असाच चढत-उतरत राहिला होता.

या चढउताराचं समाधानकारक उत्तर मिळायला पुढची जवळजवळ नव्वद वर्षं गेली. झुरिक विद्यापीठातल्या अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ मध्ये मांडलेलं द्विप्रक्रिया प्रारूप म्हणजे ते उत्तर. झोपेवर दोन स्वतंत्र यंत्रणांची सत्ता चालते, असं ते सांगतं.

पहिली यंत्रणा झोपेच्या दाबाची. जाग आल्या क्षणापासून हा दाब वाढू लागतो आणि झोपेत ओसरतो. तो मोजता येतो, हे या प्रारूपाचं मोठं बळ. गेल्या भागात आपण गाढ झोपेतल्या मेंदूच्या ज्या मंद लहरी पाहिल्या, त्याच त्याचं माप आहेत. रात्रीच्या पहिल्या दोन-तीन तासांत त्या भरपूर असतात, पहाटेकडे विरळ होतात. संध्याकाळी डुलकी काढली तर त्या रात्री कमी उमटतात; जागरण झालं तर जास्त. सॅन डिएगोचा रँडी गार्डनर हा शाळकरी मुलगा १९६४ च्या जानेवारीपर्यंत सलग २६४ तास जागला होता. त्यानंतरची त्याची पहिली झोप चौदा तासांच्या आसपास भरली. बुडालेली झोप शरीर तासाला तास देऊन फेडत नाही. बरीचशी भरपाई झोप अधिक गाढ करून होते. या दाबामागे मेंदूत साठत जाणारं ॲडेनोसिन हे रसायन आहे, याचे भक्कम पुरावे आहेत. चहा-कॉफीतलं कॅफीन त्याचा परिणाम अडवतं. दाब मात्र तसाच राहतो.

दुसरी यंत्रणा घड्याळाची. दोन्ही डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना छेदतात, त्याच्या किंचित वर हायपोथॅलॅमसमध्ये सुमारे २०,००० पेशींचं एक केंद्र आहे. माणसात त्याचा दिवस चोवीस तासांहून थोडासाच मोठा असतो आणि रोजचा उजेड तो जुळवून घेतो. १९८३ मध्ये बोर्बेली यांच्याच प्रयोगशाळेत, हे केंद्र नष्ट केलेल्या उंदरांना जागवून पाहिलं गेलं. त्यांचं दिवस-रात्रीचं भान गेलं होतं, पण जागरणानंतरची झोपेची भरपाई शाबूत होती. दोन यंत्रणा वेगळ्या आहेत, याचा याहून सरळ पुरावा मला माहीत नाही.

पण हे घड्याळ नेमकं करतं काय? ते आपल्याला झोपवतं, असं आपण समजून चालतो. १९९३ मध्ये डेल एडगर आणि सहकाऱ्यांनी स्क्विरल माकडांमधलं हेच केंद्र काढलं, तेव्हा ती रोज सुमारे चार तास जास्त झोपू लागली. म्हणजे या दिनचर प्राण्यात घड्याळाचं मोठं काम जागं ठेवण्याचं आहे. दिवसभर दाब वाढत जातो, तसं घड्याळही जागेपणाचा जोर वाढवतं, म्हणून आपण संध्याकाळपर्यंत टिकतो. हा जोर नेहमीच्या झोपेच्या आधीच्या दोन-तीन तासांत सर्वाधिक असतो. पहाटेची गाडी पकडायची म्हणून आठलाच आडवं होणाऱ्याला झोप का लागत नाही, ते यावरून कळेल. अशा वेळी स्वतःला दोष देऊ नये.

प्रारूपाला मर्यादाही आहेत. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात काही निरोगी लोकांना चौदा दिवस रोज सहाच तास झोपू दिलं. त्यांचं अवधान दिवसागणिक ढासळत गेलं आणि अखेरीस एक रात्र पूर्ण जागलेल्यांच्या पातळीला पोचलं. मंद लहरी मात्र त्या प्रमाणात वाढल्या नाहीत. म्हणजे रोज थोडीथोडी बुडणारी झोप या मूळ गणितात पुरती मावत नाही. मला सर्वांत गंभीर वाटते ती दुसरी गोष्ट : आपण इतके खालावलो आहोत, हे त्या लोकांना स्वतःला फारसं जाणवत नव्हतं.

रात्रपाळी करणाऱ्यांच्या बाबतीत दोन्ही यंत्रणा आमनेसामने येतात. सकाळी परिचारिका किंवा सुरक्षारक्षक घरी येतो तेव्हा दाब शिगेला पोचलेला असतो, म्हणून झोप लगेच लागते. चार-पाच तासांत दाब बराच उतरतो, घड्याळाचा जागेपणाचा जोर चढतो आणि झोप मोडते. तो आळस नव्हे, आणि ‘दिवसभर झोपून तर असतो’ हे म्हणणंही खरं नव्हे. ज्यांच्या घरात असं माणूस आहे, त्यांनी दुपारी त्याच्या खोलीला जाड पडदे लावावेत, दाराची घंटा बंद ठेवावी आणि घरातली कामं त्याच्या झोपेच्या वेळेत त्याच्यावर टाकू नयेत.